झोका आवरणारी नळी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आज ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे, ती रोज आपल्यासोबत प्रवास करते, पण बहुतेकांनी तिला कधी नीट पाहिलेलं नसतं. मोटारीच्या चाकामागे, मडगार्डच्या अंधारात, चिखलानं माखलेली एक हातभर लांबीची नळी असते. पुस्तकात तिचं नाव शॉक ॲब्सॉर्बर. आपल्या गॅरेजमध्ये एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही. तिथं ते 'शॉकअप' असतात. शॉकअप बसले, शॉकअप गेले, शॉकअप टाकले, अशी त्यांची सगळी चरित्रकथा दोन-दोन शब्दांत आटोपते. ही कथा मात्र त्याहून बरीच मोठी आहे, आणि ती मला माहीत व्हावी असा प्रसंग एका घाटात आला.

माझे थोरले मामा कराडला राहायचे. त्यांची एक जीप होती आणि ती वडापला असायची. पश्चिम महाराष्ट्राबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, वडाप म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप. १९९१ च्या जुलैमध्ये आम्ही कराडहून चिपळूणला निघालो होतो. पाटण गेलं, कोयनानगर गेलं, हेळवाक मागे पडलं आणि कुंभार्ली घाटाचा उतार सुरू झाला. पाऊस बेताचा होता. वेगही बेताचाच होता. एका वळणाच्या आधी रस्ता उखडून त्याच्यावर धुण्याच्या दगडासारख्या आडव्या वळ्या पडल्या होत्या. मामांनी ब्रेक दाबला. जीपचा मागचा भाग थडथड उडायला लागला, गाडी तिरकी झाली आणि तशीच घसरत जाऊन पुढचं चाक कठड्याला टेकलं. कठडा होता म्हणून आज मी हे बोलतोय. आत आम्ही अकराजण होतो. कुणाला फारसं लागलं नाही. पण त्यानंतर पोफळीपर्यंत गाडीत कुणी एक शब्द बोललं नाही, हे मला अजून आठवतं.

मामांचं म्हणणं एकच होतं, ब्रेक लागलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी जीप सावकाश कराडला आणून मिस्त्रीपुढं उभी केली. मिस्त्रींनी चारही चाकांचे ब्रेक तपासले. मग जीपखाली शिरून मागच्या शॉकअपची खालची टोकं सोडवली आणि एक नळी हातानं वरखाली करून दाखवली. हवा न धरणारा सायकलचा पंप जसा हलतो, तशी ती हलत होती. काही अडकाव नाही, काही जोर नाही. मिस्त्री म्हणाले, "मालक, ब्रेक बेस हाईत. पर चाक भुईवर असंल तरच ब्रेक लागनार न्हवं?"

या एका वाक्यात या विषयाचं सगळं शास्त्र आहे. पण तिथपर्यंत पोहोचायला मोटारी बनवणाऱ्या जगाला बरीच वर्षं लागली. ती हकिगत आता सांगतो.

सुरुवात मोटारीपासून होत नाही, कमानीपासून होते. बैलगाडीला कमान नसते. चाकाला बसलेला प्रत्येक दगड सरळ आपल्या मणक्याला कळतो. पालखीत तो कळत नाही, कारण पालखीचा दांडा थोडा लवतो आणि खाली भोयांचे गुडघे असतात. गुडघा धक्का घेतो आणि तो पुन्हा उसळू न देता जिरवतोही. ही दोन वेगवेगळी कामं आहेत, हे लक्षात ठेवा. माणसाच्या पायात ती एकत्र होतात, म्हणून आपल्याला ती दोन आहेत हे जाणवतच नाही. यंत्र बनवणाऱ्यांचीही पुढं नेमकी तिथंच फसगत झाली.

घोड्याच्या गाड्यांना पोलादी कमानी बसायला लागल्या त्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. लंडनच्या ओबादिया इलियट यानं १८०४ मध्ये लंबगोल कमानीचं पेटंट घेतलं. पोलादाच्या लवचिक पट्ट्या एकावर एक ठेवायच्या, मधोमध आवळायच्या, आणि गाडी त्यांच्यावर तोलायची. यामुळं गाड्या हलक्या झाल्या आणि बसणाऱ्यांची हाडं वाचली. आपल्याकडच्या टांग्याच्या कमानी याच कुळातल्या, आणि आजही मालमोटारींच्या आणि अनेक जीपवजा गाड्यांच्या खाली हेच पाटे दिसतात.

पण कमान एक काम अर्धवट करते. ती धक्का घेते, तो साठवून ठेवते आणि लगेच परत करते. झोपाळ्याला एकदा ढकललं की तो एकदाच मागे-पुढे होऊन थांबत नाही, तसंच हे. खड्डा एक असतो, पण गाडी चार-पाच वेळा हलते. घोड्याच्या गाडीत हे खपून गेलं, त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे वेग कमी. दुसरं म्हणजे पाट्यांच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यात उसळीचा काही भाग आपोआप मरतो. म्हणजे कमानीच्या पोटातच एक छोटा शॉकअप लपलेला होता, फक्त तो कुणी मुद्दाम ठेवलेला नव्हता. पट्ट्या गंजल्या की गाडी कडक व्हायची, ग्रीस भरलं की मऊ व्हायची आणि जास्त डुलायची.

मोटार आली आणि हा हिशेब बिघडला. वेग वाढला. पहिल्या उसळीची लाट विरायच्या आत दुसरा खड्डा यायला लागला. दोन उसळ्या जुळून आल्या की चाक जमीन सोडायचं. त्या काळच्या शर्यतींमध्ये चालकाचं निम्मं बळ गाडी पळवण्यात नाही, तर ती रस्त्यावर ठेवण्यात जायचं.

यावरचा पहिला नामी उपाय मोटारीवर नाही, सायकलवर सापडला. एकोणिसावं शतक संपता संपता फ्रान्समध्ये ज्यूल त्रुफो यानं शर्यतीच्या सायकलच्या पुढच्या चिमट्याला स्प्रिंग बसवली आणि तिची उसळी आवरायला घर्षणाचा एक सांधा जोडला. एडवर्ड हार्टफर्ड या अमेरिकन मोटारवेड्या गृहस्थानं ही करामत पाहिली आणि हे मोटारीला हवं हे ओळखलं. दोघांनी मिळून त्रुफो-हार्टफर्ड नावानं जे साधन आणलं, ते दिसायला कात्रीसारखं होतं. दोन दांडे, एक गाडीच्या सांगाड्याला जोडलेला, दुसरा चाकाच्या आसाला. दोघांच्या सांध्यात चकत्या दाबून बसवलेल्या आणि त्यावर एक नट. चाक वरखाली झालं की कात्री उघडायची-मिटायची, चकत्या घासायच्या आणि उसळी उष्णतेत विरून जायची. नट आवळला की गाडी कडक, ढिला केला की मऊ. बुगाटीसारख्या नामांकित शर्यतीच्या गाड्या १९२० च्या दशकातही घर्षणाच्या याच तत्त्वावर पळत होत्या.

इथं नावाचा घोटाळा सुरू होतो. अमेरिकेत या साधनाला शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे धक्का शोषणारा, असं नाव पडलं. पण धक्का घेते ती स्प्रिंग. ही नळी किंवा कात्री घेते ती धक्क्यानंतरची उसळी. इंग्रज इंजिनिअर तिला डॅम्पर म्हणतात, आणि ते जास्त बरोबर आहे. मराठीत मला 'झोका आवरणारी' हे नाव सुचतं. आपण झोपाळ्यावरून पाय खाली सोडून जमिनीला घासतो आणि झोका थांबवतो, तेच काम हिचं.

नावाच्या घोटाळ्याचा परिणाम बाजारावर झाला. फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर बनली. कारखान्यातून निघताना तिला शॉकअप नसायचे. मग बाहेरचे लोक जोडसाधनं विकायला लागले. त्यांपैकी काही 'शॉक ॲब्सॉर्बर' म्हणजे प्रत्यक्षात जादाच्या स्प्रिंगाच होत्या. म्हणजे झोका थांबवायचा म्हणून दुसरा झोपाळा बांधायचा! गाडी बसायला मऊ लागायची, गिऱ्हाईक खूश व्हायचं, आणि रोग होता तिथंच राहायचा. 'मऊ' आणि 'सुरक्षित' या दोन गोष्टी एकच नाहीत, हा धडा तेव्हापासूनचा आहे. तो आजही सगळ्यांच्या गळी उतरलेला नाही.

याच बाजारात क्लीव्हलंड शहरातला क्लॉड फॉस्टर नावाचा एक कल्पक माणूस होता. त्यानं आधी मोटारीच्या धुराड्यातून निघणाऱ्या वायूवर वाजणारा सुरेल हॉर्न बनवला होता. गॅब्रिएल या देवदूताच्या हातात तुतारी असते, म्हणून हॉर्नचं नाव गॅब्रिएल. पुढं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यानं 'स्नबर' आणला. एक पट्टा गुंडाळून ठेवलेला असायचा आणि त्याचं टोक आसाला बांधलेलं. चाक वर येताना पट्टा सैल पडायचा, पण स्प्रिंग चाकाला जोरानं खाली फेकायला लागली की पट्टा ताणून धरायचा. फॉस्टरनं अचूक ओळखलं होतं की खरा उपद्रव स्प्रिंग दबताना होत नाही, ती परत उलगडताना होतो. हे तत्त्व आजही टिकून आहे. शॉकअपमध्ये उलगडतानाचा विरोध बहुधा दबतानाच्या विरोधापेक्षा जास्त ठेवलेला असतो. फॉस्टरला यातून अमाप पैसा मिळाला आणि १९५२ मध्ये त्यानं शहरातल्या १६ संस्थांच्या प्रतिनिधींना जेवायला बोलावून आपली जवळजवळ सगळी संपत्ती, सुमारे ४० लाख डॉलर, त्यांच्यात वाटून टाकली.

या गॅब्रिएलचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. १९६१ मध्ये गॅब्रिएल इंडिया ही कंपनी अमेरिकेतल्या मेरमाँट कंपनीच्या सहकार्यानं सुरू झाली, आणि तिचा पहिला कारखाना मुंबईत मुलुंडला होता. पुढं नाशिक आणि चाकण हीही तिच्या कारखान्यांची गावं झाली. मामांच्या जीपला मिस्त्रींनी टाकलेल्या नव्या शॉकअपवर हेच नाव होतं. क्लीव्हलंडच्या एका हॉर्नवाल्यानं ठेवलेलं नाव कराडच्या गॅरेजमध्ये पोहोचलं होतं, पण ते तेव्हा मला कुठं माहीत!

आता पुन्हा मागे जाऊ. घर्षणाच्या शॉकअपमध्ये एक मूळचाच दोष होता. दोन घासणाऱ्या वस्तू जागच्या हलवायला सगळ्यात जास्त जोर लागतो. एकदा सरकायला लागल्या की विरोध कमी होतो. म्हणजे रस्त्यावर बारीक खडी असेल तेव्हा कात्री हटून बसणार आणि गाडी बैलगाडीसारखी खडखडणार. मोठा खड्डा आला, विरोधाची खरी गरज पडली, की तीच कात्री नरम पडणार. हवं त्याच्या नेमकं उलट. शिवाय चकत्या झिजायच्या, ओल्या झाल्या की निसटायच्या, आणि दर काही दिवसांनी नट आवळत बसावं लागायचं.

मग हवं तरी काय? हळू हलवलं तर सोडून देणारी आणि जोरात हलवलं तर अडवणारी एखादी वस्तू. ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. विहिरीत पोहताना हात पाण्यातून हळूच फिरवा, पाणी काही बोलत नाही. जोरात मारून पाहा, पाणी हात धरून ठेवतं. द्रवाचा हा स्वभाव आहे. जितकी घाई, तितका विरोध.

हा स्वभाव मोटारीच्या कामी लावणाऱ्यांत फ्रान्सच्या मॉरिस उदाय याचं नाव पहिल्या रांगेत घ्यावं लागतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यानं बंद डबीत तेल भरून, त्यात फिरणाऱ्या पाकळ्यांना दांडा जोडून शॉकअप तयार केला. तेलाला एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला फक्त बारीक वाट ठेवलेली. घाई केली की तेल अडणार. १९२७ च्या अखेरीस फोर्डनं मॉडेल टीच्या जागी मॉडेल ए आणली, तेव्हा तिच्या चारही चाकांना उदायच्या पद्धतीचे तेलाचे शॉकअप कारखान्यातूनच बसवलेले होते. श्रीमंतांच्या गाडीतली सोय सामान्य गाडीत येण्याचा तो टप्पा होता.

आज आपण जी सरळ नळी पाहतो, तिचंही मूळ त्याच काळातलं. इटलीत लान्चिया कंपनीनं १९२२ मध्ये लॅम्डा ही गाडी लोकांपुढं आणली. तिच्या पुढच्या चाकांच्या खांबांतच स्प्रिंग आणि दुर्बिणीसारखी आत-बाहेर सरकणारी तेलाची नळी बसवलेली होती. नळीची रचना सोपी आहे. आत तेल, तेलात एक दट्ट्या, दट्ट्याला भोकं आणि भोकांवर पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा. दट्ट्या सरकला की तेल त्या भोकांतून पिळून निघतं. चाकाची सगळी धडपड तेल तापवण्यात खर्ची पडते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावलात तर तो गरम लागतो, तो याचमुळं. ती उष्णता म्हणजे तुमच्या पाठीला न बसलेले हिसके.

सगळेजण लगेच या नळीकडं वळले असं मात्र नाही. इंग्लंडच्या मॉरिस मायनरला १९४८ मध्येही दांड्याचे शॉकअप होते. फ्रान्सची सिट्रोएन टू सीव्ही त्याच वर्षी लोकांपुढं आली. अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या शेतातून नेली तरी अंडं फुटू नये, अशी त्या गाडीबद्दल कंपनीची अपेक्षा होती असं सांगतात. तिला सुरुवातीला घर्षणाचे शॉकअप होते आणि शिवाय चाकापाशी स्प्रिंगवर टांगलेली वजनं होती, चाक एकीकडं उडालं की ती दुसरीकडं जाऊन चाकाला आवरायची. प्रश्न एकच, उत्तरं अनेक, असा तो काळ होता.

नळीचा प्रसार व्हायला एक मोठं निमित्त ठरलं ते दुसरं महायुद्ध आणि विलीज जीप. १९४१ पासून विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांच्या वर जीप बनवल्या. पाट्यांच्या कमानी आणि चार सरळ नळ्या, एवढाच तिचा संसार. वाळवंट, चिखल, बर्फ, कुठंही एक पाना घेऊन नळी बदलता यायची. वर एक बोल्ट, खाली एक बोल्ट. युद्ध संपल्यावर हीच जीप आपल्याकडं आली. १९४५ मध्ये महिंद्र अँड मोहम्मद नावानं सुरू झालेली कंपनी फाळणीनंतर, १९४८ मध्ये, महिंद्र अँड महिंद्र झाली. तिनं मुंबईत सुट्या भागांपासून विलीज जीप जोडायला घेतल्या. पुढच्या चार-पाच दशकांत आपल्या खेड्यापाड्यांतून तलाठी, डॉक्टर, पुढारी, वऱ्हाडी आणि वडापचे उतारू ज्या जीपमधून फिरले, तिच्या पोटात हीच लष्करी रचना होती. मामांची जीप याच घराण्यातली.

मोटारीत मात्र एक वेगळं वळण आलं. अर्ल मॅकफर्सन हा इंजिनिअर १९४० च्या दशकात शेवरलेसाठी एक लहान गाडी आखत होता. तो बेत १९४७ मध्ये रद्द झाला आणि मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला. त्याची कल्पना अशी होती की शॉकअप हा बाजूला लटकवलेला पाहुणा कशाला, त्यालाच घराचा खांब करू. नळी जाडजूड करायची, तिच्याभोवती स्प्रिंग गुंडाळायची, खाली चाक बांधायचं आणि वरचं टोक गाडीच्या अंगाला. १९५० मध्ये इंग्लंडमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या गाड्यांना हे खांब, म्हणजे स्ट्रट, होते. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. डिसेंबर १९८३ मध्ये आपल्या रस्त्यावर मारुती ८०० आली ती पुढं हेच खांब घेऊन. आजच्या बहुतेक लहान मोटारी त्याच वाटेनं चालतात.

एक दुखणं तरीही उरलं होतं. तेल फार वेगानं ढवळलं की त्यात हवा मिसळते आणि फेस होतो. फेसाला जोर नसतो. लांबच्या खराब रस्त्यावर तासाभरानं शॉकअप एकाएकी ढिले पडायचे, याचं कारण हा फेस. फ्रेंच इंजिनिअर ख्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बाँ यानं १९५० च्या दशकात यावर तोड काढली. नळीच्या एका टोकाला भरपूर दाबाचा नायट्रोजन कोंडायचा आणि मध्ये सरकता पडदा ठेवायचा. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दहापटीच्या आसपास असतो. एवढ्या दाबाखाली तेलात बुडबुडे धरत नाहीत. जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीनं ही युक्ती उचलली आणि १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझ गाड्यांना असे शॉकअप लागले. पुढं २००२ मध्ये कॅडिलॅकच्या एका गाडीत तेलाऐवजी लोहकण मिसळलेला द्रव आला. विजेचं चुंबक चालू केलं की तो क्षणार्धात घट्ट होतो. पण तत्त्व उदायचंच. द्रवाला घाई करू द्यायची नाही.

इतकी हुशारी ओतलेली ही वस्तू शेवटी झिजतेच. उत्पादक असा हिशेब मांडतात की एका किलोमीटरमध्ये शॉकअप हजाराच्या आसपास वेळा आत-बाहेर होतो. त्यांच्या पत्रकांत ८०,००० किलोमीटरनंतर बदलण्याची सूचना बहुधा असते. म्हणजे आठ कोटी फेऱ्या. दांड्याभोवतीचं रबरी सील कडक होतं, तेल पाझरतं, झडपांच्या चकत्या थकतात. आपले खड्डे आणि गतिरोधक पाहता हा आकडा काही दगडावरची रेघ नाही.

गोम अशी, की शॉकअप एका दिवसात मरत नाही. टायर फुटला की कळतं, ब्रेक गेला की कळतं. शॉकअप महिन्याला थोडा थोडा जातो आणि तितकीच थोडी थोडी सवय आपल्याला लागत जाते. वळणावर गाडी जरा जास्त कलते, आपण जरा जास्त सांभाळून घेतो. ब्रेक दाबला की नाक जरा जास्त खाली जातं, आपण सीटमध्ये जरा जास्त रेलतो. आपलं शरीरच शॉकअपची उणीव भरून काढायला लागतं. मामांना वर्षभर गाडी डुलत असल्याचं माहीत होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं, "चालतंय की." आणि ते खोटं नव्हतं. सपाट, कोरड्या रस्त्यावर चालतच होतं.

न चालण्याची वेळ घाटात आली. टायरची पकड त्याच्यावरच्या भारावर अवलंबून असते. चाक सतत उसळत असेल तर भार क्षणात दुप्पट, क्षणात शून्य. भार वाढताना पकड त्या प्रमाणात वाढत नाही, आणि भार शून्य झाला की पकडही शून्यच. म्हणून उसळणाऱ्या चाकाची सरासरी पकड शांत चाकापेक्षा कमीच भरते. ब्रेक कितीही चांगले असोत, हवेतलं चाक थांबवून गाडी थांबत नाही. आजच्या गाड्यांत एबीएस असतं, पण तेही चाकाच्या फिरण्यावरूनच रस्त्याचा अंदाज घेतं. चाकच नाचत असेल तर त्या बिचाऱ्याचाही अंदाज चुकतो.

आता थोडं कामाचं. गाडीच्या कोपऱ्यावर जोर देऊन दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन जागेवर बसली तर ठीक, दोन-तीनदा डुलली तर शॉकअप गेला. पण या परीक्षेवर पूर्ण विसंबू नका. कडक स्प्रिंगच्या गाड्यांत आणि अर्धवट थकलेल्या शॉकअपमध्ये ती फसते. म्हणून खाली वाकून नळी पाहा. धूळ चिकटलेला पुसट ओलावा चालतो, तेलाचा ओघळ चालत नाही. टायरवरून हात फिरवा. ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे लागले तर चाक नाचतंय. कराडचे मिस्त्री म्हणायचे, "टायर चघळल्यागत झालाय बघा." रात्री पुढच्या गाडीवर आपला प्रकाशझोत वरखाली होत राहिला, तर तीही खूणच.

बदलताना एका आसावरचे दोन्ही बदला. एक नवा आणि एक जुना असेल तर गाडी दोन मनांची होते. जीपसारख्या गाडीत काम सोपं आहे, फक्त रबरी बुश असलेले बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. अधांतरी आवळले तर बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. नवी नळी बसवण्याआधी उभी धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून ओढायची, म्हणजे आडव्या ठेवल्यामुळं आत शिरलेली हवा निघून जाते. स्ट्रटची गोष्ट वेगळी. त्याच्याभोवतीची स्प्रिंग प्रचंड जोरानं दाबलेली असते. योग्य शिकंज्याशिवाय तिचा वरचा नट सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. ते काम घरी करू नये. आणि स्ट्रट बदलल्यावर चाकांची अलाइनमेंट करून घ्यायलाच हवी. जुनी, गॅसच्या दाबाची नळी कापायची किंवा तापवायची तर मुळीच नाही.

मामांनी त्या दिवशी चारही शॉकअप बदलले. पैसे जास्त होते असं नाही. मिस्त्रींनी मागचे दोनच पुरतील म्हणून सांगितलं होतं. मामा म्हणाले, "चारी टाक. आत पोरं होती." घाटाबद्दल त्यांनी नंतर कधीच काही बोलून दाखवलं नाही. पण एक जुनी नळी त्यांनी भंगारात दिली नाही. ती पुढं कित्येक वर्षं ड्रायव्हर सीटखाली पडलेली असायची. जीप विकली तेव्हा ती घरी आली. मामा आता नाहीत. नळी माझ्याकडं आहे. अजूनही ती विनाअडकाव वरखाली होते.

आज रविवार आहे. गाडी धुवायला खाली जालच. तेव्हा एकदा चाकामागच्या अंधारात डोकावून पाहा.